राबिघच्या किनाऱ्यावरचं जलविमान

सौदीच्या पूर्व किनाऱ्यावरचं जुबैल सोडलं तेव्हा गाडीत क्ष-किरण यंत्राचा एक सुटा भाग, खजुराची पिशवी आणि माझा गॅस मास्क होता. आखाती युद्ध सुरू झाल्यापासून हल्ल्याचा भोंगा वाजला की मास्क चढवायचा, हे अंगवळणी पडलं होतं. तो भाग राबिघच्या दवाखान्यात पोचवायचा होता. गाडी चालवत होते रत्नागिरीकडचे दाऊदभाई. त्यांच्या कंपनीने कामगारांना मास्क दिले, बायकामुलांना नाही. म्हणून त्यांनी आपला मास्क बायकोपाशी, झुबेदाभाभींपाशी, ठेवला होता. घरी भाभी आणि दोन वर्षांची मुलगी, आणि निघाल्यापासून वाटेत कुठूनच घरचा फोन लागत नव्हता.

वाळवंट ओलांडून दुसऱ्या दिवशी राबिघला पोचलो. यंत्राचा भाग दिला, कबसा (मटण घातलेला मसालेभात) मागवला. मी ताटावर आडवा हात मारला, दाऊदभाई भात नुसता चिवडत बसले. फोनच्या दुकानाशी गेलो, तर मालक अस्रच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजासाठी कुलूप लावत होता.

"बाद सलाह (नमाजानंतर)," तो म्हणाला. "तोवर तय्यारा (विमान) बघून या."

मी शाळेपासून विमानवेडा. मला एवढं पुरेसं होतं.

"हल्ली काय विमानं कमी बघतो आपण?" दाऊदभाई म्हणाले, पण आले.

वाळूत ते कलंडून पडलं होतं. धावपट्ट्या नव्हत्या तेव्हा समुद्रावरच उतरत, त्या काळातलं जलविमान. खाली होडीसारखं पोट, वर एकावर एक दोन पंखांचे सांगाडे आणि त्यांच्यामध्ये ताणलेल्या तारा. कापड कधीच उडून गेलेलं. ऊन टळटळीत होतं. आम्ही आत शिरलो. वैमानिकाची खुर्ची समुद्राकडे तोंड करून अजून जागेवर होती.

तेवढ्यात वारा सुटला आणि भोंगा वाजू लागला. बारीक, मग चढत जाणारा, अगदी आमच्या जुबैलचा. मी खांद्यावरच्या पिशवीतून मास्क काढून चढवला. दाऊदभाईंचा हात खांद्याकडे गेला. तिथे पिशवी नव्हती. मी माझा मास्क काढून पुढे केला, त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि माझा हात घट्ट धरून डोळे मिटले.

वारा पडला, आवाजही पडला. त्या तारा होत्या. जुने वैमानिक त्यांच्या गुणगुणण्यावरून वेग ओळखत, असं मी वाचलं होतं. इथे, तांबड्या समुद्रावर, इराकचं क्षेपणास्त्र येतंय कुठून? आम्ही हसलो, पण हात सोडले नाहीत.

नमाजानंतर फोन लागला. मी शेजारीच उभा होतो.

"बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे. आत्ताच भोंगा होऊन गेला," भाभींचा आवाज आला.

"मास्क घातलास ना?"



"तो हिच्या तोंडाला बसत नाही हो. मग मी एकटीने कसा घालू?"

आम्ही परत फिरलो. जुबैलला त्यांच्या घरी चहाला थांबलो, तेव्हा मास्क खिळ्याला लटकत होता, पट्ट्यांची कोरी घडीसुद्धा न मोडलेला. मी एवढा विमानवेडा, पण त्या जलविमानातलं मला आता फक्त खांद्यापाशी चाचपडणारा तो हात आठवतो.

"आता तरी हा घेऊन जा," भाभी म्हणाल्या.

दाऊदभाईंनी मुलीला कडेवर घेतलं. मास्क तिथेच राहिला.