रामहरीच्या बंडीतला शिक्का

रामहरीला कुणी चहा दिला तर तो आधी देणाऱ्याचं तोंड बघतो, असं तेलगावच्या कापसाच्या जिनिंगमधल्या बाया म्हणायच्या. पण उगीच नावं ठेवू नका. मागं एका मॅनेजरानं कामगारांच्या फंडाच्या ट्रस्टचा गोल शिक्का परस्पर मारून भलताच ठराव करून टाकला होता. तेव्हापासून कामगारांनी रीत पाडली, की शिक्का कचेरीत राहणार नाही, कामगारांच्या ट्रस्टीपाशी राहील. ट्रस्टी रामहरी. त्यानं बंडीला आतून खिसा शिवून घेतला, शिक्का त्यात घातला. झोपताना बंडी उशाला.

यंदा हीच रीत अंगाशी आली. जिनिंग बंद होतं, पावसानं उघडीप दिलती, आणि धर्मापुरीला लेकीच्या घराचा स्लॅब टाकायचा होता. रामहरी शिक्क्यासकट तिकडं गेला. इकडं फंडाचा ऑडिट रिपोर्ट सरकारला धाडायची मुदत जवळ आलेली. नवे मॅनेजर विठ्ठलराव यांचा फोन आला, शिक्का कुणाच्या तरी हाती पाठवून द्या.

"शिक्का माणसासंगं येतो सायेब, पिशवीत बसून न्हाई," असं म्हणून रामहरीनं फोन ठेवला. एवढी घाई कावून, हा किडा डोक्यात वळवळला म्हणून मुद्दाम दोन दिवस जास्तच राहिला. परत आला तोवर मुदत उलटली होती, रिपोर्ट उशिरानंच गेला.

जिनिंग सुरू झालं आणि सरकारी नोटीस आली. रिपोर्टला उशीर का, दंड का लावू नये, खुलासा करा. खुलाशाला जितका उशीर, तितका दंड वाढणार.

विठ्ठलरावांनी रामहरीला कचेरीत बोलावलं. बसायला खुर्ची दिली. इतक्या वर्षांत त्या कचेरीत त्याला खुर्ची मिळाली नव्हती, तिथंच त्याचे कान टवकारले. खुलासा टाइप होऊन तयार होता. कामगारांच्या ट्रस्टीनं शिक्का गावाबाहेर नेल्यामुळं उशीर झाला, सबब दंड फंडातून भरण्यात येईल. फक्त सही-शिक्का हवा.

"चूक तुमचीच ना, रामहरी?" विठ्ठलराव गोड बोलले.

चूक होतीच, म्हणून जास्त झोंबलं. पण फंड म्हणजे सरकीच्या धुळीनं छाती भरलेल्या माणसांचं म्हातारपण. त्याला हात? रामहरी विचार करतो म्हणून उठला आणि जीप धरून थेट माजलगावला ऑडिटरच्या कचेरीत गेला. ट्रस्टी असल्यानं त्याला विचारायचा हक्क होता. तिथं काम करणाऱ्या वर्षाराणीनं कागद काढून दाखवले. जिनिंगकडून फंडाचे हिशेबच इकडं मुदत संपल्यावर आले होते.

"काका, तुमचा शिक्का टेबलावर असता तरी मारला कशावर असता?" ती म्हणाली.

रामहरी तापून परत आला. शिक्काच मारणार न्हाई, बसू दे बोंबलत, असं त्यानं सरकी ओढणाऱ्या सावित्रीबाईला सांगितलं. ती त्याच्याइतकीच जुनी कामगार. तिनं टोपली खाली ठेवली.

"दाबून बस आजून. दंड वाढंल, आन् पुन्हा तुझंच नाव लागंल. त्यानला दुसरं काय पायजे?"

त्याच रात्री रामहरी पाळीच्या माणसांना घरोघरी जाऊन भेटला.

दुसऱ्या दिवशी बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि पाळीची माणसं आत जाईनात. विठ्ठलराव फाटकापाशी आले. रामहरीनं सगळ्यांदेखत मागणी केली: खुलाशात दोन्ही गोष्टी लिहा. हिशेब उशिरा दिले ते जिनिंगनं, शिक्का अडवला तो मी. दंड जिनिंग भरंल. एवढं खोलात लिहायची पद्धत नसते, असं विठ्ठलराव म्हणाले. गाड्यावाले हॉर्न वाजवत होते. शेवटी खुलासा नव्यानं टाइप झाला, फाटकात मोठ्यानं वाचला गेला. स्वतःच्या चुकीची ओळ आली तेव्हा रामहरीनं मान खाली घातली नाही. शिक्का मारला.

दंड जिनिंगवर बसला, फंडाला धक्का लागला नाही. पण कामगारांनी रामहरीलाही सोडलं नाही. गाव सोडताना शिक्का सावित्रीबाईकडं ठेवायचा, असं ठरवलं. तो बंडीवरून शिक्का चाचपत तणतणत घरी गेला.

लेकीच्या वास्तुशांतीला निघताना मात्र त्यानं सावित्रीबाईच्या हातावर शिक्का ठेवला. जीप परळीला पोचायच्या आत त्यानं फोन लावून विचारलं, कुठं ठेवलाय.

"सांगत न्हाई," सावित्रीबाई म्हणाली. "तुझ्या शेजारी कोण बसलंय, मला काय ठावं?"

रामहरीनं शेजाऱ्याकडं बघितलं आणि फोन ठेवला.