आबांची बंदूक आणि परका बोल्ट

ती केस आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त झालो, बीपीची गोळी सुरू झाली, तरी तापतं. तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण एका जुन्या रायफलीनं जेवढा वैताग दिला तेवढा कोणी दिला नाही.

मी मूळचा साताऱ्याकडचा. चोपडा तालुक्यातल्या एका ठाण्याला प्रभारी म्हणून रुजू होऊन महिना झाला होता. निवडणूक नुकतीच आटोपली होती. आचारसंहितेत परवान्याची सगळी शस्त्रं ठाण्यात जमा करून घेतात आणि निकालानंतर परत देतात. ते परत देण्याचं काम मी आल्या आल्याच उरकलं होतं. शिपाई एकेक पावती पुढं सरकवत होता आणि मी सह्या ठोकत होतो.

एका सकाळी ठाण्यात फोन आला. नाव सांगायला फोन करणारा तयार नव्हता. म्हणाला, "साहेब, आमच्या गावातल्या आबांनी मूळ बंदूक विकून खाल्ली. घरात जोडतोड करून दुसरी ठेवलीय. काल टपरीवर बसून स्वतःच्या तोंडानं सांगत होते, बंदूक बदलाई गयी म्हणून."

आबा म्हणजे सत्तरी ओलांडलेले केळीवाले शेतकरी. रायफल त्यांच्या वडिलांची, जुनी लष्करी बनावटीची. रानडुकरं केळीत शिरतात, म्हणून पीकसंरक्षणाचा परवाना होता. आम्ही दोन पंच घेऊन गेलो. आबांनी काही खळखळ न करता रायफल काढून दिली.

अशा रायफलीत एकच नंबर दोन ठिकाणी ठोकलेला असतो. एक बॉडीवर, म्हणजे मधल्या मुख्य लोखंडी भागावर, आणि दुसरा बोल्टवर. बोल्ट म्हणजे गोळी आत ढकलून बंद करणारा मागचा सरकता भाग. आबांच्या रायफलीच्या बॉडीवर परवान्यातलाच नंबर होता, बोल्टवर मात्र भलताच. वर पुढचं लाकूड कोरं करकरीत. मला वाटलं, झालं! मूळ हत्यार विकलंय आणि दुसऱ्यावर परवान्याचा नंबर ठोकून घेतलाय. तसं निघालं असतं तर आर्म्स ॲक्टखाली म्हाताऱ्याला सरळ अटक होती, बंदूक तर जाणारच होती.

ठाण्यात आणून खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "आबा, ही बंदूक तुमचीच ना?"

"मना बापनी बंदूक शे, साहेब."

"मग सगळं तुमचंच आहे ना यात?"

"नही. बठ्ठी मनी नही शे."

मी ताडकन उठलो. मला ऐकू आलं, 'भट्टी माझी नाही.' आता दारूच्या भट्टीचं कोणी नावही काढलं नव्हतं! न विचारलेल्या गोष्टीचा इन्कार करणारा माणूस हमखास काहीतरी लपवतो, हा माझा वीस वर्षांचा अनुभव.

"कुठली भट्टी? कुठं आहे?" मी टेबलावर हात आपटला.

आबा गोंधळले. रायफलीकडं बोट करून म्हणाले, "हाई काय, तुमना समोर शे!"

थट्टा करतोय म्हातारा, असं वाटून माझा पारा चढला. दोन शिपाई पिटाळले. त्यांनी आबांची अख्खी केळीची बाग पालथी घातली आणि दुपारी चिखलानं माखून परत आले. भट्टी नव्हती. एक म्हणाला, "साहेब, पाइपाला पाय अडकून मी पडलो तेवढा." मी आबांना तीन तास तेच विचारत राहिलो आणि ते तीन तास तेच सांगत राहिले. शेवटी त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हळूच विचारलं, "साहेब, बेड्या घालीसन गावमाईन लई जाशात का?" बेड्या घालून गावातून नेण्याचं ते वाक्य मला नीट कळलं. तेवढ्यापुरतं बरं कळलं.

संध्याकाळच्या आत आमचे जुने हवालदार कोर्टाचं काम आटोपून आले. ते धुळ्याकडचे, आबांची अहिराणी बोली त्यांच्या घरचीच. मी सगळा प्रकार सांगितला. त्यांनी कपाळाला हात लावला.

"साहेब, बठ्ठी म्हणजे सगळी. आबा म्हणताहेत, बंदूक माझी आहे, पण सगळी माझी नाही."

मी खाली बसलो. दिवसभर म्हातारा कबुली नव्हे, फिर्याद देत होता आणि मी दारू शोधत होतो!

दुसऱ्या दिवशी मुख्यालयातून आर्मोरर आला. बंदुका दुरुस्त करण्यात हयात गेलेला माणूस. त्यानं रायफल टेबलावर सुटी केली आणि भिंगाखाली एकेक भाग धरला. "बॉडी मूळची. नंबर खोडलेला नाही, कारखान्यातलाच ठसा आहे. बॅरल नंतर बसवलीय, पण ती लष्करी वर्कशॉपातच. हा बघा त्यांचा शिक्का. पुढचं लाकूड गावच्या सुताराचं, सागवान."

आबा मध्येच म्हणाले, "वाळवी लागनी व्हती." हवालदारांनी लगेच समजावलं, वाळवी लागली होती. माझ्यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता, दुसरं काय!

"आणि बोल्ट?" मी विचारलं.

"बोल्टही अस्सल आहे, साहेब. फक्त या रायफलीचा नाही. जरा घट्ट बसतो. याच्या जोडीची दुसरी रायफल जवळपास कुठंतरी असणार."

आबांची रायफल नुकतीच आमच्याच ठाण्यातून परत गेली होती. मी हवालदारांकडं पाहिलं, तर ते जमिनीकडं पाहत होते. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. जमा केलेल्या रायफलींचे बोल्ट सुरक्षेसाठी काढून एका गोणीत ठेवले होते. प्रत्येकाला सुतळीनं चिठ्ठी बांधली होती. चिठ्ठ्या उंदरांनी खाल्ल्या. परत देताना मुद्देमाल कारकुनानं नंबर न पाहता जो बसला तो बोल्ट बसवून दिला. आबांनी तिथल्या तिथं सांगितलं होतं, हा माझा नाही. कारकून म्हणाला होता, "बोल्ट तो बोल्ट, न्या आता."

त्याच बनावटीची दुसरी रायफल सातपुड्याच्या पायथ्याच्या एका नानांकडं होती. मागवली. तिच्यात आबांचा बोल्ट निघाला. नानांना पत्ताही नव्हता. त्यांनी परत नेल्यापासून ती खोळीतून काढलीच नव्हती.

मी कारकुनावर तोंडाचा पट्टा सोडणार होतो. त्याआधी दोन्ही पावत्या काढायला लावल्या. 'सर्व भागांसह, नंबर पडताळून परत दिली.' खाली सही होती माझी. दोन्हींवर, चांगली ठसठशीत.

आर्मोररनं बोल्टांची अदलाबदल केली. मी नवी पावती लिहून आबांपुढं सरकवली. "आबा, चूक आमची झाली. माफ करा. इथं सही करा."

आबांनी पेन घेतलं नाही. चष्मा लावला आणि आधी बॉडीवरचा नंबर मोठ्यानं वाचला, एकेक आकडा. मग बोल्टवरचा. मग पावतीवरचा. ठाण्यातले सगळे उभे, मीसुद्धा. त्यांनी बोल्ट एकदा मागं ओढून पुढं सारला. तो जराही न अडता बसला. मग सही केली आणि माझ्याकडं पाहून, लहान पोराला शिकवावं तसं, सावकाश म्हणाले, "साहेब, आते बठ्ठी मनी शे."

या वेळी मला समजावायला हवालदार लागले नाहीत.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी नंबर स्वतः वाचल्याशिवाय कुठल्याच पावतीवर सही केली नाही. हाताखालचे वैतागायचे. वैतागू देत. आणि नवीन अधिकारी भेटला की त्याला एवढंच सांगतो, माणूस पुन्हा पुन्हा तेच सांगत असेल तर आवाज चढवण्याआधी त्याची बोली जाणणारा कोणीतरी शेजारी बसव. आबांना मी एक अख्खा दिवस आरोपी म्हणून बसवलं. गुन्हा माझ्या सहीचा होता.