बैलाले ताप यावा म्हणून

बैलाच्या कानाचं बूड मुठीत धरायचं, डोळे मिटायचे आणि पडेल आवाजात म्हणायचं, "मास्तर, थंडच लागून राह्यलं हो." आमच्या ढोरांच्या डॉक्टरची ही नक्कल मी शाळेत केली की पोरं लोळायची. तुम्हीही हसला असता. माणसांचा डॉक्टर ताप उतरला की खूश. आमचा डॉक्टर ताप चढावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेला.

अमरावतीचा, भिक्षुकाच्या घरातला. "बाप सत्यनारायण सांगते, मी बैलाच्या मागं थर्मामीटर घालतो," हे तोच सांगायचा. साठ सालच्या आसपास मी अकोल्याहून मॅट्रिक होऊन मूर्तिजापुराकडच्या एका खेड्यात मास्तर होतो. शेजारच्या गावात बुळकांडी आली, ढोरं हगवणीनं पटापट मरायला लागली, आणि हा बर्फाच्या डब्यात लस घेऊन आमच्या शाळेच्या ओसरीवर उतरला.

"यात बुळकांडीचाच जंतू आहे, मास्तर. बकऱ्यायच्या आंगातून फिरवून फिरवून दमवलेला. पण जित्ता पाहिजे. ढोराले थोडा ताप येते, मंग खरी बुळकांडी त्याले शिवत नाही. गरमी लागली का जंतू मेला."

पाटलाकडं जेवलो आणि दुपारभर गावची ढोरं टोचली. संध्याकाळी पाटलीणबाई कौतुकानं सांगायला लागल्या, "डॉक्टर, तुमी जेवत होते तवा म्या त्या बाटल्या चुलीजवळ ठेवल्या. पौषाची थंडी, अन् बैलाच्या आंगात बर्फ काहून घालता? चांगल्या कोमट केल्या, मंग डब्यात ठेवल्या."

पानाला चुना लावता लावता डॉक्टरचा हात थांबला. आता भडकतो, असं मला वाटलं. "बरं केलं, बाई," एवढंच म्हणाला. बाहेर आल्यावर मात्र मला दम भरला, "एक शब्द बोलायचा नाही. गाव बाईले फाडून खाईन."

नव्या लसीसाठी त्यानं तार केली. ती येईस्तोवर रोज गोठ्यागोठ्यात फिरून कान धरायचा. एखादा तरी जंतू वाचला असेल, ही आशा. सगळी ढोरं थंड.

"डॉक्टर, तुमचा हात लय हलका," पाटील खुशीत म्हणाला.

डॉक्टर हसला आणि त्यानं पुढच्या बैलाचा कान मुठीत धरला.

लस आली. "माझीच बाटली नासकी निघाली. परत टोचा लागते," त्यानं पाटलाला सांगितलं.

"परत? ढोरं हायेत का चाळणी?"

कुरकुरत का होईना, गावानं ढोरं पुढं केली. पण तोवर पाटलाची तांबडी गाय ओढ्यावर शेजारगावच्या ढोरांत मिसळून आली होती.

या वेळी ताप चढला. मी त्याची पाठ थोपटायला गेलो, तर हा तांबडीचा जबडा उघडून हिरड्या पाहत बसलेला.

"लसीचा ताप असाच, मास्तर, अन् बुळकांडीचाबी असाच. बुळकांडी असली तर तोंडात फोड येतात. ते आज नाही दिसत, दोन दिवस लागतात."

त्याच संध्याकाळी तार आली. मेळघाटात रोग शिरला होता, ताबडतोब निघायचं होतं. एसटीच्या खिडकीतून त्यानं अर्ध अंग बाहेर काढलं. "मास्तर, परवा तांबडीचं तोंड पाहाजा."

तिसऱ्या दिवशी मी गोठ्यात गेलो. पाटलीणबाईंनी गाय धरली. मी बोटानं ओठ वर केला. हिरड्या गुलाबी, साफ.

"काय पाहून राह्यले, मास्तर?"

"काही नाही, बाई."

गाय कडब्याला लागली. मेळघाटात तो कोणत्या गावी होता, कोणाला ठाऊक नव्हतं. पुढंही तो आमच्या बाजूला कधी आला नाही. तांबडीचं तोंड साफ निघालं, हे त्याला कोणीच सांगितलं नाही.