आत्याची खळ

आत्याचा बाजारच्या डिंकावर विश्वास नव्हता. घरात काहीही सुटलं, फाटलं की ती गॅसवर छोटं पातेलं ठेवायची, कणीक पाण्यात कालवून खळ शिजवायची आणि बोटानंच चोपडायची. तरुणपणी तिनं इथल्याच एका चादरीच्या कारखान्यात लेबलं चिकटवली होती. "चादर फाटंल, पर माझं लेबल निघायचं न्हाय," हे ती कुणालाही सांगायची. गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालासुद्धा.

आई गेली तेव्हा मी बालवाडीत होते. बाबा एसटीत, बार्शीला. त्यामुळे मला आत्यानंच वाढवलं, आणि आमच्या घरातल्या कसरीलाही. कपाटाच्या प्रत्येक फळीवर तिनं खळीनं वर्तमानपत्रं चिकटवली होती. दिवा लावला की ते चंदेरी किडे सुळकन कागदाखाली शिरायचे. मी डांबरगोळ्या ठेवल्या, फवारा आणला, पुस्तकं गच्चीवर उन्हात घातली. रविवारी आत्या नव्या कागदाला नवी खळ लावायची. "जुना खाल्ला, नवा लावला. बास की!"

माझ्या वह्यांची कव्हरंही खळीचीच. एकदा वर्गात भूगोलाच्या वहीतून किडा निघून बाकावर पळाला. शेजारची किंचाळली. कुणाच्या वहीतून आला, असं मिसनी विचारलं, तेव्हा मी फळ्याकडे बघत राहिले. घरी आल्यावर आत्यानं विचारलं, "तुमच्या इंग्लिश शाळेत काय म्हंत्यात याला?"

"सिल्व्हरफिश."

"मासा व्हय? मग मांजर पाळू की."

ती हसली. मला रडू येत होतं.

कॉलेज संपलं त्या वर्षी एक किडा आईच्या फोटोत दिसला. काचेच्या आत, पदराच्या काठाशी. आईचा एकटीचा तेवढाच फोटो आमच्याकडे होता. काढणारा स्टुडिओ कधीच बंद झाला होता. फोटो फ्रेममध्ये सरकतो म्हणून आत्यानं तो पुठ्ठ्याला चिकटवला होता. अर्थात खळीनं. मोबाइलवर उतरवायला गेलं की काचेत माझंच तोंड यायचं.

"आत्या, फ्रेम उघडू या. स्कॅन करून घेते."

"हार घातलेलं मानूस हाय ते. उघडझाप करायला काय पेटी हाय?"

मी महिनाभर हेच हळू आवाजात सांगत राहिले. पदर गेला, मग हात पुसट व्हायला लागला. आत्यानं चंदनाचा मोठा हार आणून तेवढा भाग झाकला. त्या दिवशी मात्र माझा आवाज चढला. "तू लावलेली खळ खायला येतायत ते! तुझ्या खळीमुळं आई चाललीय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं स्वतःच फोटो उतरवला आणि विळीच्या टोकानं मागचे खिळे काढले. चेहरा शाबूत होता. हाताच्या जागी नुसता पांढरा, खरबरीत कागद होता. त्यानंतर तिनं खळ शिजवली नाही. मला बरं वाटायला हवं होतं.

मी फोटो स्कॅन करायला नेला, तेव्हा फोटोच्या दुकानदारानं कॉम्प्युटरवर पदर जुळवला, हातही बसवून दिला. नवी फ्रेम मी हौसेनं भिंतीवर लावली. आत्या जवळ जाऊन बघत राहिली.

"ह्यो हात कुनाचा?"

"आईचाच. नीट करून दिलाय."

"तिची करंगळी वाकडी हुती. आत वळल्याली." तिनं माझा हात ओढून उलटापालटा केला. "तुजाबी न्हाय उपयोग. तू बापावर गेलीस." मग म्हणाली, "खाल्लेलाच लाव. तेवढी तरी तीच हाय."

मी चिडले, वाद घातला, आणि शेवटी खाल्लेलाच लावला. मागून चिकटपट्टी मारून. आईची करंगळी वाकडी होती हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात आत्या गेली. कपाटातले कागद मी खरवडून काढले, फळ्या पुसल्या. घरात आता किडा दिसत नाही. फोटोची काच पुसताना त्या पांढऱ्या जागेशी माझा हात थांबतो. आईचे हात कसे होते, असं बाबांना विचारलं, तर म्हणाले, "एवढं कुठं आठवतंय गं."

करंगळीचं तेवढं कळलं. बाकीच्या बोटांचं विचारायचं राहून गेलं.