खंड पडला तरी

सुई टोचण्याआधी सिस्टर दोन बोटांनी दंडावर टकटक करायच्या, दार वाजवल्यासारखी. "ढिला सोडा भाऊसाहेब. दंड हाय हा, फायलीची नाडी नाय आवळून धरायला."

भाऊसाहेब म्हणजे मी. नाशिकमधल्या एका दवाखान्याचा कारकून. दवाखान्याचं नाव सांगत नाही. माझं कर्तृत्व वाचल्यावर तुम्ही विचारणारही नाही. कर्मचाऱ्यांना कावीळ बीची लस द्यायची होती, तेव्हा 'सर्वांनी लस टोचून घ्यावी'च्या जागी मी 'टोचून द्यावी' असं टाईप केलं. सकाळी वॉचमन सिस्टरकडे सुई मागायला हजर! त्यांनी त्याला बसवला, टोचला आणि माझ्याकडे धाडला. "सांग भाऊसाहेबांना, आदेश पाळला."

डोस तीन होते. दुसऱ्याला भोवळ येऊन मी त्यांच्या टेबलाखाली गेलो. तिसऱ्याला रेकॉर्ड रूममध्ये लपलो आणि पुढची दोन वर्षं त्यांच्या खोलीकडे फिरकलो नाही. जिन्यात गाठ पडली की त्या माझ्या तोंडाकडे नाही, दंडाकडे बघायच्या.

"आता उशीर झाला, सिस्टर. पुन्हा पहिल्यापासून तीन घ्यावे लागतील," एकदा मी सुटका करून घ्यायला म्हणालो.

"कोण म्हणतं? दोनदा ओळख झालीय ना आत? आठवण धरून बसलेल्या पेशी असतात, भाऊसाहेब. वर्षानुवर्षं गप बसतात. तिसरा गेला की उठतात, पहिल्यापेक्षा लवकर अन् लय जोरात. खंड पडला तरी पहिल्यापासून मोजायचं नाय."

आणि या बाईंना आमचं ऑफिस दर अकरा महिन्यांनी पहिल्यापासून मोजत होतं. अकरा महिने करार, मग एक दिवस घरी, मग 'नव्याने नेमणूक करण्यात येत आहे'. ते टाईप करणारं बोट माझंच. त्या एका दिवशी बाळांच्या लशींचा वार आला, तर त्या बिनपगारी का होईना, दिंडोरीहून एसटीने यायच्या. "घरी करमत नाय," म्हणायच्या. अशी बारा वर्षं.

मग कायमच्या जागा निघाल्या. दहा वर्षं सलग सेवेचा दाखला हवा होता, आणि वयाच्या अटीत बसायचं त्यांचं ते शेवटचं वर्ष.

"बारा लिहा, भाऊसाहेब."

"रेकॉर्डला खंड दिसतो, सिस्टर. सलग फक्त अकरा महिने."

"खंड तुम्हीच टाकलाय की टाईप करून!" त्या हसल्या. त्यांना वाटलं, मी गंमत करतोय. मी अकरा महिने लिहिले आणि शिक्का मारला.

अर्ज बाद झाला. चालू करार संपल्यावर पुढचा त्यांनी घेतला नाही.

त्यांच्या शेवटच्या दिवशी मी डब्याचा चमचा शोधत होतो. ड्रॉवरच्या तळाशी एक परिपत्रक सापडलं. माझ्याच सहीने घेतलेलं, न वाचलेलं, वर माझ्याच डब्याच्या तेलाचा गोल डाग. 'असा खंड सेवा मोजताना विचारात घेऊ नये.' अर्जाची मुदत संपून गेली होती. वर दाद मागता आली असती का? माहीत नाही. मी कोणाला विचारलंच नाही.

कागद खिशात घालून खाली गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो.

"सिस्टर, ते..."

"आलात होय शेवटी!" त्यांचा चेहरा असा काही फुलला! "बरं झालं, जाता जाता राहिलेलं काम उरकलं." बाही वर गेलीसुद्धा. टकटक. "बघा, आज भोवळ नाय आली."

मी बाही खाली केली. "थँक्यू," म्हणालो. एवढंच.

दर खंडाच्या आदल्या संध्याकाळी वॉचमन त्यांना फाटकाशी विचारायचा, "परवा येणार ना?" आणि त्या म्हणायच्या, "येणार की." त्या संध्याकाळीही त्याने सवयीने विचारलं. त्यांनी त्याच्या दंडावर दोन बोटांनी टकटक केली आणि चालू लागल्या.

मी वरच्या खिडकीत उभा होतो. एका हाताने दंडावरचा कापूस दाबून धरला होता, दुसऱ्याने खिसा.