वाफवलेलं औषध

वाफेदादांचा विश्वास एकाच गोष्टीवर होता, तो म्हणजे वाफेवर. इस्पितळाच्या तळमजल्यावर त्यांची खोली. एका दाराने रक्ताने माखलेल्या कात्र्या, चिमटे, सुऱ्या आत यायच्या आणि दुसऱ्या दाराने हिरव्या कापडात गुंडाळून, चिकटपट्टी लावून बाहेर पडायच्या. मध्ये ती भट्टी. लोखंडी दाराची, आत माणूस उभा राहील एवढी. वाफ लागून गठ्ठ्यावरच्या पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या की दादा खुशीत म्हणायचे, "मेला बिचारा!" कोण मेला म्हणून विचारलं तर म्हणायचे, "आत जो कोणी होता तो!"

घरीही तीच तऱ्हा. चमचे उकळ, पेले उकळ, नातवाची खेळणी उकळ. एकदा एक रबरी बदक पातेल्यात घातलं, त्याचं पार भजं झालं. तेव्हापासून बायको येईल-जाईल त्याला सांगायची, "लग्नात मला तेवढं उकळायचं राहून गेलं, म्हणून मी टिकले."

अशी हसरी बाई. आणि खाणारी. पावाला लोणी लावायची ते पाव दिसेनासा होईपर्यंत. तीच एक दिवस पोट धरून ओट्यापाशी खाली बसली ती उठेचना. इस्पितळात नेलं, पोट उघडावं लागलं, आणि स्वादुपिंडाचा बराचसा भाग काढून टाकावा लागला. शस्त्रक्रिया करणाऱ्या मोठ्या बाईंनी दादांना बाजूला घेऊन समजावलं, "अन्न पचवणारी एन्झाइमं तिथे तयार होतात. पण तयार होताना ती झोपलेली असतात बरं का. आतड्यात पोचल्यावरच जागी व्हायची, असा शरीराचा बंदोबस्त असतो. वहिनींची वाटेतच जागी झाली, आणि ज्या घरात जन्मली तेच खायला लागली."

"म्हणजे सुरी टेबलावर पोचायच्या आधीच गठ्ठ्यातून बाहेर आली," दादा म्हणाले.

"अगदी तसंच. आता घरातली गेली, तर बाहेरून द्यायची. प्रत्येक जेवणाबरोबर कॅप्सूल. गिळवत नसेल तर उघडा, आतले दाणे केळ्याच्या गरात घालून द्या. पण दाणे चावायचे नाहीत हं. त्यांना वरून लेप असतो, म्हणून ते पोटातल्या आम्लातून धडपणे पुढे जातात."

दादांनी हे सगळं नीट ऐकलं. घोटाळा झाला तो औषधांच्या खिडकीवर. "कशापासून बनवतात हो हे?" त्यांनी सहज विचारलं. आतला माणूस म्हणाला, "डुकराच्या स्वादुपिंडापासून."

दादांचं तोंड उतरलं. जनावराच्या पोटातली वस्तू, आणि तशीच तोंडात? त्यांच्या खोलीतून साधा चिमटासुद्धा न वाफवता कधी वर गेला नव्हता. डॉक्टरांना विचारावं तर ते हसतील. मग दादांनी आपल्या अकलेने मार्ग काढला. घरी पातेल्यात पाणी खळाळलं की वर चाळणी, चाळणीत पांढरं फडकं, फडक्यावर कॅप्सूलमधले दाणे, आणि वर घट्ट झाकण.

"अहो, औषध शिजवताय की काय?" बायकोने पडल्या पडल्या विचारलं.

"शुद्ध करतोय."

"मग थोडं मीठही घाला."

दाणे चिकटायचे. दादा ते चमच्याच्या टोकाने हळुवार मोकळे करायचे, केळ्यात कालवायचे, आणि बायकोने घास गिळला की निर्धास्त व्हायचे.

पण बायको वाळत चालली. खाल्लेलं तेलकट होऊन जसंच्या तसं पडायचं. बोटातली अंगठी गळायला लागली, तिला दोरा गुंडाळला. मोठ्या बाई विचारायच्या, "दादा, औषध नियमित देताय ना?"

"एकही जेवण चुकवलेलं नाही, बाई."

बाईंनी कॅप्सूल वाढवल्या. दादांनी मोठी चाळणी आणली. बायको आणखी वाळली.

शेवटी बाई म्हणाल्या, "आता थांबता येणार नाही. पोटातून थेट आतड्यात नळी बसवू, तिथूनच पोषण देऊ." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "खरं सांगायचं तर त्यांना भूल झेपेल की नाही, याचीच मला धास्ती आहे."

बायकोने ऐकलंच होतं. "म्हणजे आता माझा पेट्रोल पंप होणार," ती म्हणाली. मग तिने दादांचा हात धरला, पण तिच्या पकडीत जोर म्हणून नव्हता.

त्या सकाळी बायकोच्या शस्त्रक्रियेचा गठ्ठा दादांनी स्वतः बांधला. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. भट्टीत सरकवला, दार आवळलं. भट्टी तपासायच्या नव्या कुप्या आल्या होत्या. त्या घेऊन इन्चार्ज सिस्टर खाली आल्या. एक कुपी गठ्ठ्याबरोबर भट्टीत गेली, दुसरी तशीच बाहेर राहिली. भट्टी थांबल्यावर दोन्ही कुप्या एका छोट्या यंत्रात बसवल्या, आणि जरा वेळाने भट्टीतून आलेल्या कुपीसमोर हिरवा दिवा लागला, बाहेरच्या कुपीसमोर लाल.

"पास!" सिस्टर म्हणाल्या.

"पण आत आहे काय?" दादांचं लक्ष वर, बायकोकडे होतं. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं.

"चिवट जंतू, आणि त्यांचं एन्झाइम. ते जिवंत असलं तर कुपीतला पदार्थ कापतं, पदार्थ चमकतो, आणि यंत्र लाल दिवा दाखवतं. वाफ लागली की एन्झाइम खलास. मग कसली चमक?"

दादांचा हात गठ्ठ्यावर तसाच राहिला. "कुठलंही एन्झाइम?"

"एवढ्या वाफेत कुठलं टिकणार? घडी घातलेली वस्तू असते हो ती. घडीत एक खाच असते, त्या खाचेत जो पदार्थ नेमका बसतो तो कापला जातो, आणि एन्झाइम पुढच्याला मोकळं. घडी विस्कटली की खाच गेली, काम संपलं."

"आणि गार झाल्यावर? परत घडी पडत असेल ना?"

"उकडलेलं अंडं गार केलं की परत पातळ होतं का, दादा?"

त्यांच्या डोळ्यांपुढे चाळणी आली, पांढरं फडकं, चिकटलेले दाणे. जन्मभर पट्टीवरच्या काळ्या रेघा बघून ज्यांना हायसं वाटलं, त्यांना त्या हिरव्या ठिपक्याकडे बघवेना.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. "दादा, गठ्ठा कुठे अडकलाय? पेशंट टेबलाशी आलाय, बाई तयार आहेत."

एक शब्द पुरे होता. भट्टी नापास, एवढं म्हटलं असतं की आजची शस्त्रक्रिया टळली असती, का ते कोणी विचारलंही नसतं. दादांचं तोंड उघडलं. पण उद्या काय? उद्या भट्टी पास होईल, गठ्ठा वर जाईल, आणि बायको पुन्हा त्याच टेबलावर.

"आणतो," ते म्हणाले आणि गठ्ठा छातीशी धरून जिन्याने सुटले. लिफ्टची वाट बघायला धीर नव्हता. मधल्या वळणावर पाय निसटला, गुडघा आपटला, पण गठ्ठा त्यांनी खाली टेकू दिला नाही.

दाराशी मोठ्या बाई धुतलेले हात कोपरात वाकवून वर धरून उभ्या. पलीकडे ढकलगाडीवर बायको, पांढऱ्या चादरीत आहे की नाही कळू नये अशी.

"पास आहे ना?" बाईंनी विचारलं.

"गठ्ठा पास आहे, बाई. नापास मी आहे. औषध मी वाफवून देत होतो."

"काय करून?"

"वाफवून. जंतू मरावेत म्हणून. पहिल्या दिवसापासून."

बाईंचे हात हळूहळू खाली आले. "आणि मी वेड्यासारखी डोस वाढवत बसले! सांगितलं का नाही, दादा? विचारत होते ना मी?"

"तुम्ही विचारायचात, नियमित देताय ना. ते देत होतो."

"हो," बाई म्हणाल्या, "तेवढंच विचारलं मी."

चादरीतून बारीकसा आवाज आला. "म्हणजे इतके दिवस मी खाल्लं ते औषध..." तिने धाप टाकली. "मेला बिचारा!"

बाई हसल्या नाहीत. "आज नळी थांबवते. औषध जसं आहे तसं, माझ्या नजरेसमोर, इथेच वॉर्डात. पण वजनाची घसरण थांबली नाही, तर याच टेबलावर परत यायचं. कबूल?"

दादांनी मान हलवली. गठ्ठा परत खाली आणून फळीवर ठेवला, समोरच, दिसेल असा.

पुढचे दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. वॉर्डात कॅप्सूल ते स्वतःच उघडायचे. न वाफवलेले दाणे केळ्यात पडले की ते डोळे मिटून घ्यायचे. खाली गेले की नजर त्या गठ्ठ्यावर. वजनकाट्याची वेळ झाली की भट्टीचा आवाजसुद्धा त्यांना ऐकू यायचा नाही. आधी घसरण मंदावली. मग काटा एका जागी राहिला. मग एका सकाळी बायकोने नर्सला विचारलं, "लोणी मिळेल का हो?"

निर्जंतुक गठ्ठ्यालाही मुदत असते. मुदत सरली की उघडायचा, धुवायचा, नव्याने बांधायचा. असा वाया गेलेला गठ्ठा दिसला की दादा एरवी खोली डोक्यावर घ्यायचे. बायकोच्या त्या गठ्ठ्याची मुदत सरली तेव्हा मात्र त्यांनी खुर्ची ओढली, चिकटपट्टी सावकाश सोडवली, आणि एकेक न वापरलेलं हत्यार उजेडात धरून बघत बसले.