पारोळ्यात थांबलेला ठिपका

माझ्या सुनेने धुळ्याची ती स्पर्धा स्वतःच्या हातापायांनी पूर्ण केली. मोबाईलच्या नकाशावर पारोळ्यात थांबून मग गाडीने परत आलेला ठिपका मी होतो. आमच्या नात्यात लग्नकार्यात अजूनही कोणी ना कोणी उलटी गोष्ट सांगतं, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

स्पर्धा तीन टप्प्यांची. आधी तलावात पोहायचं, मग ओल्या अंगानेच सायकलवर बसून पारोळ्याच्या दिशेने जाऊन परत यायचं, आणि शेवटी पळायचं. सून आमच्या पिंप्राळ्यातल्या घरी आली तेव्हा तिला पोहता येत नव्हतं. नातीला शिकवायला तरणतलावावर घेऊन जायची, तिथे स्वतःच शिकली.

माझी मोठी बहीण, अक्का, रावेरकडे असते. त्यांची केळी. केळीचा ट्रक दिल्लीला निघाला की ड्रायव्हर भाच्याच्या मोबाईलवर लाइव्ह लोकेशन लावतो, आणि भाचा बसल्या जागी सांगतो: आता जेवायला थांबला, आता टायर बघतोय, आता झोप काढतोय. त्याचा अंदाज सहसा चुकत नाही. सुनेनेही त्या दिवशी आपलं लोकेशन घरच्या ग्रुपवर लावलं होतं. फक्त फोन पाण्यात नेता येत नव्हता. म्हणून तो माझ्याकडे होता. ती पाण्यातून आली की कुंपणावरून तिच्या हातात द्यायचा, एवढंच माझं काम. आदल्या दिवशी मी अक्काला फोनवर ऐटीत सांगितलंही होतं, "ती पाण्यात असेपर्यंत मोबाईल माझ्या ताब्यात, बाहेर आली की हातात देणार, काळजी नको."

काठावर उभा राहून मी पाण्याकडे बघत होतो. सगळ्यांच्या टोप्या एकाच रंगाच्या, त्यातली तिची कोणती ते कळेना. ती बाहेर आली आणि मी टाळ्याच वाजवत सुटलो. टाळ्या थांबल्या तेव्हा ती सायकल घेऊन गेली होती आणि फोन माझ्या खिशात होता.

स्कूटर लांब लावलेली, रस्ता अडवलेला. फोन द्यायला तिच्यामागे निघेपर्यंत बराच वेळ गेला. हायवेच्या दुभाजकावर कण्हेर माजलेली, त्यामुळे ती पलीकडच्या बाजूने परत फिरली तेही मला दिसलं नाही. मी थेट पारोळ्यात जाऊन एका टपरीपाशी उभा राहिलो.

"कोनी वाट देखी ऱ्हायनात, आबा?" टपरीवाल्याने विचारलं.

"सून येतेय. सायकलवर."

"मंग भजी खाई ल्या. सायकलले येळ लागस."

खाल्ली. सायकली अलीकडूनच वळतात, इकडे एकही येत नाही, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. मग स्कूटर पळेल तेवढी पळवत परतलो. तोवर ती पळून आली होती आणि गळ्यात मेडल घालून मलाच शोधत होती. झालेला घोटाळा सांगितल्यावर ती खूप हसली. "आबा, ग्रुपवर तेवढं सांगून टाका," म्हणाली. मी हो म्हणालो.

आणि सांगितलं नाही. नुसता फोन हातात द्यायचा होता, तेही जमलं नाही, हे अक्काच्या घरात ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

पुढे आम्ही अक्काकडे जेवायला गेलो तेव्हा भाच्याने विषय काढला. "वहिनी, पारोळ्यात चहा झाला, मग गाडी भेटली, बरोबर? सायकल काय एवढी पळत नाही. इतके ट्रकवाले मला फसवू शकले नाहीत, तुम्ही काय फसवणार."

"जाऊ दे ना रे," अक्का म्हणाली. "दमली असंन पोरगी. बसली थोडी गाडीत, त्यात काय."

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी बट्टी कुस्करत राहिलो. मग तिनेही ताटात वरण वाढून घेतलं.

घरी तिने मला कधी बोल लावला नाही. चहा वेळेवर, औषध वेळेवर. स्पर्धेबद्दल मात्र ती बोलेनाशी झाली. पुढच्या वेळी नाव नोंदवायचं का, असं विचारलं तर "बघू" म्हणाली. मेडल कपाटात गेलं.

हिवाळ्यात अक्काच्या शेतात भरताचा बेत होता. कपाशीच्या वाळलेल्या काट्यांच्या जाळावर वांगी भाजत होती. घरात नवीन सोयरीक झालेली, त्या पाहुण्यांना भाचा रंगवून सांगायला लागला, "आमच्या वहिनींची स्पर्धा म्हणजे..."

"थांब," मी म्हणालो. "तो ठिपका मी होतो."

मग टाळ्यांपासून टपरीपर्यंत सगळं सांगितलं.

"म्हणजे मामा, पारोळ्याला एवढा वेळ तुम्ही..."

"भजी खात होतो. दोन प्लेट."

हशा पिकला. भाचा हसू आवरून सुनेकडे वळला आणि म्हणाला, "वहिनी, माझं चुकलं." अक्का तेवढी हसली नव्हती.

"इतके दिवस पोरीले ऐकू देलं तू?"

"हो."

"लाज नाही वाटली तुले?"

"वाटली. म्हणूनच बोललो नाही."

"हे काय कारन झालं?"

नव्हतंच. अक्काने माझ्याकडे पाठ केली आणि सतरंजीवर आपल्या शेजारी हात आपटला. "इकडे ये व माय. बस. हा पारोळ्यात होता, मंग तू कुठे होती? पयल्यापासून सांग."

सून काट्यांपाशी उभी होती. ओढणीला हात पुसत येऊन बसली.

"पाणी फार गार होतं, अक्का," ती म्हणाली. "मध्यावर गेले आणि श्वासच पुरेना. काठ दिसेना. मला वाटलं, आता हात वर करावा, वाचवायला होडी येईल. मग मी उताणी झाले आणि तशीच पडून राहिले."

मीही हे पहिल्यांदाच ऐकत होतो. बोलणं कुठे जाईल या भीतीने मी तिला त्या दिवसाबद्दल काही विचारलंच नव्हतं. तिने एवढं केलं आणि घरातल्या एकानेही ते कसं केलं हे विचारलं नव्हतं.

"बुडत नाही का व तसं?" अक्काने विचारलं.

"नाही. कान पाण्यात असतात. आपलाच श्वास ऐकू येतो. तो जरा शांत होईपर्यंत थांबायचं."

"मंग?"

पाहुण्यांतल्या बायका सरकून जवळ आल्या. कोणीतरी म्हणालं, वांगी करपतायत, उलटवा. कोणी उठलं नाही. तिची गोष्ट अजून तलावातच होती.